तूर वाळल्याचं सुख

मोठ्या मायचा फोन आला तेव्हा मी संशोधन केंद्राच्या अंगणात, नळाखाली मातीचे हात धूत होते. मोठी माय म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. बाजारहत्नूरकडच्या आमच्या गावात ती एकटी राहते आणि नाल्याकडचं वावर अजून स्वतः पाहते.

"येऊन जाय एकडाव," ती म्हणाली. "तूर फुलली हाय. तुले एक गोष्ट सांगाची हाय, पन फोनवर सांगन्यासारखी नाही."

"तब्येत बरी आहे ना?"

"तब्येतीले काय झालं? तू ये, मंग सांगतो."

एवढं बोलून तिनं फोन ठेवला. एरवी ती फोन ठेवत नाही, आपल्यालाच ठेवावा लागतो. म्हणून जिवाला घोर लागला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच स्कूटी काढली आणि हायवेला लागले.

आदिलाबादची थंडी ज्यांनी पाहिली नाही त्यांना तेलंगणात थंडी पडते हे खरंच वाटत नाही. हैदराबादच्या माझ्या मैत्रिणी हसायच्या. त्यांना एकदा या दिवसांत आणून सकाळी सहाला वावरात उभं करायला हवं होतं. दिवाळी सरलेली असते. गोंड पाड्यांवरचे दंडारी नाचाचे ढोल शांत झालेले असतात. कापसाने फुगलेल्या गाड्या रस्ताभर डुलत जातात आणि बाभळींच्या काट्यांना कापूस लावून ठेवतात. सकाळी अशी धुई पडते की समोरचा बैल शिंगांपासून दिसायला लागतो. आणि त्या धुईत तूर फुललेली असते. पिवळी फुलं, पाकळीच्या पाठीवर तांबूस रेघा. कपाशीचा तोरा काही औरच असतो, सोयाबीन तर केव्हाच घरात गेलेलं असतं. तूर बिचारी सगळ्यांच्या मागून येते, कुणाचं लक्ष नसताना फुलते. मला हाच मोसम आवडतो. लोकांनी पावसाचं कौतुक करावं, माझी ना नाही.

पण याच मोसमाला एक खोड आहे. तुरीची मर याच दिवसांत दिसते. आषाढापासून झाड गुण्यागोविंदानं वाढतं, डोक्याएवढं होतं, फुलं धरतं आणि नेमकं आता, हातातोंडाशी घास आल्यावर, एका सकाळी पानं मान टाकतात. चार दिवसांत उभं झाड वाळतं. शेजारचं हिरवंगार असतं, हे मात्र गेलेलं. आमच्या घरात त्याला 'मेलं' म्हणत नाहीत. उभ्या वावरात मेल्याचं नाव काढू नये, असं मोठी माय मानते. 'झाड झोपलं' म्हणायचं. लहानपणी मला वाटायचं की खरंच झोपलं असेल, उठेल. मी त्याला पाणीही घालून पाहिलं होतं.

ते उठत नाही, कारण त्याच्या मुळातून बुरशी आत शिरलेली असते आणि तिनं पाणी वर नेणाऱ्या नळ्या बुजवलेल्या असतात. हे मला फार उशिरा कळलं, हैदराबादला कृषी महाविद्यालयात गेल्यावर. कळल्यावर मी तिच्या मागेच लागले. संशोधनाला विषय निवडायची वेळ आली तेव्हा मी दुसरं काही मनात आणलंच नाही.

"तू तिकडं करते तरी काय व?" मोठ्या मायनं एकदा मला विचारलं होतं. आम्ही चुलीपुढे बसलो होतो. मिठाच्या पाण्यात तुरीच्या शेंगा उकळत होत्या.

"बुरशीवर संकट आलं की ती काय करते, ते पाहते."

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "तिच्यावर कायचं संकट? संकट तर आमच्या तुरीवर हाय!"

मी तिला जमेल तसं सांगितलं. तूर काही मुकाट मरत नाही. बुरशी मुळाला भिडली की तूर तिच्यावर जळजळीत रसायनं सोडते, आपण चोरावर तिखट फेकावं तशी. साधी बुरशी त्यात भाजून मरते. पण या बुरशीच्या पोटात काही जनुकं असतात. जनुकं म्हणजे आईकडून लेकराकडे जाणारे हुकूम. ही जनुकं एरवी निजलेली असतात. ताण आला, तिखट पडलं, ऊन लागलं, पाणी आटलं, की जागी होतात आणि बुरशीला वाचवतात. ती कोणती, ती केव्हा जागी होतात, हे कळलं तर एक दिवस ती जागीच होऊ न देण्याची युक्तीही सापडेल.

"म्हंजे तू तिले झोपवनार."

"हो. तुरीच्या ऐवजी तिला."

"मंग बरं हाय," ती म्हणाली आणि शेंगांवरचं झाकण काढलं. माझ्या संशोधनाला मिळालेली ती पहिली मान्यता.

ज्या वर्षाची आठवण हा मोसम दरवेळी करून देतो, त्या वर्षी माझी बुरशी बिघडली होती. बिघडली म्हणजे काय, तर सभ्य झाली होती. आमच्याच भागातल्या तुरीतून वेगळी काढलेली ती बुरशी मी काही वर्षं काचेच्या बशांमध्ये वाढवत होते. बटाट्याचा काढा आणि साखर घालून थिजवलेलं तिचं जेवण. एका बशीतलं संपलं की दुसऱ्या बशीत. ऊन नाही, वारा नाही, कुणी तिखट फेकत नाही. ती छान वाढायची, पांढरी, कापसासारखी मऊ. आणि मी जेव्हा शेवटच्या मोठ्या प्रयोगासाठी तिला तुरीच्या रोपांना लावलं, तेव्हा काहीच झालं नाही. रोपं मजेत वाढली. जनुकं मोजली तर सगळी घोरत पडलेली. फार दिवस आयतं खायला मिळालं की काही बुरशा रोग लावायचंच विसरतात. पुस्तकात वाचलं होतं, पण पुस्तकातलं दुखणं आपल्या घरी येईल असं कुणाला वाटतं?

आमच्या मॅडम, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, रोज सकाळी काचघराच्या दारातून विचारायच्या, "एंडिपोयिंदा?" तेलुगूत त्याचा अर्थ, वाळलं का? मी मान हलवायचे. शेवटी त्यांनी एक दिवस विचारणं बंद केलं. मला बोलावून म्हणाल्या, "तुझी बुरशी लाडावलीय. गावाकडे जा, फुलोऱ्याचे दिवस आहेत, मर लागलेलं ताजं झाड शोध. त्यातून नवी काढ. मी उन्हाळ्यात निवृत्त होतेय, तेवढं लक्षात ठेव."

लक्षात ठेवायला ते विसरायला तर हवं. त्यांच्यानंतर माझा विषय हातात घेणारं तिथं कुणी नव्हतं. मोसम हुकला तर पुढच्या फुलोऱ्यापर्यंत थांबावं लागणार होतं आणि तोवर मॅडम नसणार. इकडे बाबांनी, जे जन्मभर शाळामास्तर होते, शिक्षक भरतीची तयारी कर म्हणून पुस्तकं आणून ठेवली होती. मास्तरकीला मी नावं ठेवत नाही. आमच्या घरात दुसऱ्यांच्या वावरात राबणाऱ्या हातांत पहिला खडू बाबांनीच धरला. पण मला बुरशी हवी होती. एवढ्या वर्षांचं काम एका लाडावलेल्या बुरशीपायी अर्धवट टाकून परत यायचं, या विचारानं मला बसमध्ये घासही गिळवला नाही. निर्मलचा घाट चढून नेरडीगोंडा मागे पडलं, खिडकीतून फुललेली तूर दिसायला लागली, तेव्हा थोडा धीर आला. एवढ्या तुरीत माझ्यापुरती एखादी तरी मेलेली असेलच. असा विचार करणारी मी आमच्या घराण्यातली पहिलीच असेन.

बाबांनी आधीच मोठ्या मायला कळवलं होतं, "सुजाता तुझ्या वावरातली मर पाहायला येतेय." मागच्या फोनवर तिनं स्वतःच रडगाणं गायलं होतं की नाल्याकडची तूर जागोजाग झोपली आहे. तेव्हा काळजीचं कारण नव्हतं.

मी पोचले तेव्हा ती धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभी होती. धुतलेलं लुगडं, केसांना तेल. तिच्यामागे वावर असं दिसत होतं, जणू कुणी विंचरून ठेवलंय. हिरवं, पिवळं, स्वच्छ. मधे मधे रिकाम्या जागा.

"जय भीम," ती म्हणाली. "पाय बरं, कसं दिसते?"

"मोठी माय, झोपलेली झाडं कुठं आहेत?"

तिचा चेहरा अभिमानानं फुलला. "सारी उपटली! दोन बाया लावल्या. मुळासकट काढून जाळून टाकली. तू इतकी शिकून आली, संगं चार मानसं येतीन, अन् मी तुले रोगट वावर दाखवू? लोक काय म्हनतीन, मास्तराच्या भावाचं वावर असं?"

पाहुणा यायचा म्हणून आमच्याकडे अंगण सारवतात, भांडी घासतात, गोधड्या उन्हात टाकतात. तिनं वावर झाडून काढलं होतं. आणि गंमत म्हणजे शास्त्राप्रमाणे तिनं केलं ते शंभर टक्के बरोबर होतं. रोगट झाड मुळासकट उपटून जाळावं, हे मीच तिला शिकवलं होतं. धुऱ्याच्या कडेला राखेचा काळा गोल होता. मी त्यात काडी घालून पाहिली. राख राखेसारखी होती.

 "छान केलंस," एवढंच मी म्हणाले. पण बाईमाणसाला बाईमाणसाचा चेहरा वाचायला वेळ लागत नाही. तिनं विचारलं, मी सांगितलं आणि ती तिथंच धुऱ्यावर मटकन बसली.

"म्हंजे मी तुह्यं कामच जाळलं?"

"नाही गं."

"नाही कायचं? जाळलंच की."

दुपारी आम्ही दोघी गावभर फिरलो. वाटलं, दुसऱ्या कुणाच्या तरी वावरात सापडेल. पण मर तुमच्याकडे आहे का, हा प्रश्नच चुकीचा होता. मुलगी दाखवायच्या वेळी घरातलं दुखणं जसं कुणी बोलून दाखवत नाही, तसंच ते. जो तो म्हणे, "आमच्या वावरात? छे! त्या पलीकडच्याकडं असन." पलीकडचा म्हणे, अलीकडच्याकडे. भाजी पिकवणाऱ्या एका पाटलांनी चहा पाजला, वावर दाखवलं नाही. दिवस मावळायला आम्ही हात हलवत घरी आलो. मोठी माय जेवली नाही. मला मात्र बळंच वाढत राहिली. शेंगा सोलून माझ्या ताटात ढीग घातला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "खाय. इतक्या तरी कामाच्या असू दे."

सकाळी मी अंघोळीला गेले. तिची न्हाणी परसात आहे. तीन बाजूंनी तुऱ्हाट्यांची, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या खोडांची ताटी, वरून आभाळ. धुई होती. ऊन ऊन पाणी अंगावर घेऊन मी डोळे मिटून बसले होते, आणि उघडले तेव्हा नाकासमोर ताटी होती. ताटीतली खोडं मी जन्मापासून पाहत आले होते. त्यांच्यातून बाहेर दिसू नये एवढाच माझा त्यांच्याशी संबंध. त्या दिवशी दिसलं की एका खोडावर, बुडापासून वर, एकाच अंगानं, जांभळट काळी पट्टी चढलेली आहे. शेजारच्या खोडावरही आहे. त्याच्या शेजारच्यावर नाही. मग पुन्हा आहे.

मी अंगाला टॉवेल गुंडाळून ओरडले. मोठ्या मायला वाटलं साप निघाला. ती काठी घेऊन धावत आली.

"ही ताटी केव्हाची?"

"साप कुठं हाय?"

"साप नाही गं! ताटी, ताटी केव्हा बांधली?"

"मांगच्या साली. तवा झोपलेली झाडं जाळली नाहीत, ताटीले लावली. जळतन होतं घरात." मग तिला काय वाटलं कोण जाणे, घाईनं म्हणाली, "तू तवा जाळायचं सांगतलं नव्हतं!"

मी कपडे केले आणि विळ्यानं एक खोड बुडाशी चिरलं. सालीखाली काळ्या रेघा होत्या. तीच ती. तुरीच्या बुजलेल्या नळ्या. खोड वाळून काटकी झालेलं, पण आत बुरशी निजलेली असणार, याची मला जवळजवळ खात्री होती. कारण गेली काही वर्षं मी नेमकं हेच तर शिकत होते. वाळवंटासारख्या कोरड्या खोडात, आदिलाबादच्या उन्हाळ्यात, ती कशाच्या जोरावर तग धरते? त्याच जनुकांच्या जोरावर. बशीत साखर खाणारी माझी बुरशी सगळं विसरली होती आणि ही मात्र एक अख्खा उन्हाळा न्हाणीच्या भिंतीत काढून बसली होती.

पण खात्री आणि पुरावा यांत अंतर असतं. मी पट्टी असलेली खोडं कागदी पिशव्यांत भरली. न्हाणीला खिंडार पडलं. मोठ्या मायनं तिथं जुनं लुगडं लावलं आणि म्हणाली, "अजून लागते का? सारी ताटी ने. मी अंधारात न्हाईन."

हैदराबादला आल्यावरचे दिवस मला नीट आठवत नाहीत, फक्त वास आठवतात. स्पिरिटचा, बटाट्याच्या काढ्याचा, काचघरातल्या ओल्या मातीचा. खोडाच्या कपच्या बशीत ठेवल्या. काहींवर नुसतीच हिरवी केरकचरा बुरशी आली. काहींवर काहीच नाही. एका कपचीच्या कडेला पांढरे तंतू दिसले, अगदी बारीक. ते वाढवले, तपासले. रूप तर तेच होतं. पण रूप लाडावलेल्या बुरशीचंही तेच होतं. रोपांची मुळं ती कालवलेल्या पाण्यात बुडवून कुंड्यांत लावली आणि वाट पाहायला लागले. मोठी माय फोनवर काही विचारायची नाही. नुसतं "जेवली का?" म्हणायची आणि थांबायची. त्या थांबण्यात सगळा प्रश्न असायचा.

आणि एका सकाळी, काचघरात शिरले तर पहिल्या कुंडीतल्या रोपाची पानं खाली मान घालून उभी होती. मी बोटानं उचलली, ती परत पडली. पाणी? पाणी होतं. माती ओली होती. दुसऱ्या कुंडीतलंही तसंच. शेजारी, बुरशी न लावलेली रोपं ताठ. मी कुंड्यांमध्ये खाली बसले आणि रडले. शेतमजुरांची नात मी, तुरीचं एक पान पिवळं पडलं तर आमच्या घरात जेवण गोड लागत नसे, आणि इथं वाळलेल्या तुरीपुढे बसून मला सुखानं रडू येत होतं. मॅडम दारात आल्या. त्यांनी सवयीनं तोंड उघडलं, "एंडि..." आणि मला पाहून तिथंच थांबल्या. मग आत येऊन माझ्या शेजारी उकिडव्या बसल्या.

जनुकंही जागी झाली होती. पुढचं सगळं त्यातून सरळ होत गेलं. पण पहिला फोन मी गावी केला.

"मोठी माय, वाळली!"

"कोन वाळलं?"

"तूर! कुंड्यांतली. तुझ्या ताटीतल्या बुरशीनं."

"सारी?"

"सारी."

 तिकडून एक लांब श्वास, मडक्यातून पाणी सुटावं तसा. "बरं झालं माय," ती म्हणाली. "लई बरं झालं." आणि लगेच दबक्या आवाजात, "असं म्हनू नये तुरीले. पन बरं झालं."

मला डॉक्टरेटची पदवी मिळाली तेव्हा गावच्या विहारात बाबांनी छोटा सत्कार ठेवला. मास्तरच ते, बोध काढल्याशिवाय कसे राहतील? म्हणाले, "माझ्या मुलीनं दाखवून दिलं की लाडात सगळेच बिघडतात आणि ताण आला की आतली शक्ती जागी होते. मुलांनो, बुरशीकडून शिका!" टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसलेली मोठी माय बसल्या जागेवरून म्हणाली, "मंग आमी काऊन नाही झालो डाक्टर? आमच्यावर काय ताण कमी होता?"

सगळे हसले. बाबाही हसले. मी हसले नाही. तेव्हापासून कुणी बुरशीवरून माणसांना उपदेश करायला लागलं की मला ते वाक्य आठवतं. हाल काढून माणूस नुसता झिजतो, हे मी तिच्या टाचांकडे पाहून सांगू शकते. जागं व्हायला तिलाही कुणीतरी बशीभर साखर द्यायला हवी होती. मला ती बाबांनी दिली, तिनं दिली.

पुढे मी याच जिल्ह्यातल्या केंद्रावर नोकरीला लागले. मोठ्या मायनं एक नवा नेम धरला. दरवर्षी झोपलेली झाडं उपटायची, जाळायची, पण एक ठेवायचं. त्याला लाल चिंधी बांधायची, माझ्यासाठी. मी दरवर्षी रागवायचे, "अगं, रोग पसरतो, उपट ते." ती म्हणायची, "राहू दे. कामी पडते." वावर विंचरून ठेवणारी ती बाई, लोकांच्या डोळ्यांदेखत एक मेलेलं झाड मधोमध उभं ठेवायची. मीही मग मुकाट मुळासकट काढून पिशवीत घालून न्यायचे. मात्र हळूहळू तिला बाकीचं पटवलं. वावरात पीक पालटलं, मर सोसणारं बियाणं आणलं, तुरीच्या ओळींमध्ये ज्वारी घेतली.

त्या फोननंतरच्या रविवारी मी पोचले तेव्हा ती धुऱ्यावरच उभी होती. आता वाकलीय. धुई विरत होती. मी आधी तिचा हात धरून कपाळ पाहिलं, ताप नव्हता.

"काय झालं? काय सांगायचंय?"

तिनं वावराकडे हात केला. मी चालत गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ज्वारीच्या मधल्या ओळी केव्हाच कापून झाल्या होत्या. तूर दाट उभी होती, पिवळी, दहिवरानं भिजलेली, मधमाश्यांनी गजबजलेली. चिंधी कुठंच दिसली नाही. रिकामी जागाही नाही. परत आले तर ती मातीत पायाचा अंगठा रुतवून खाली पाहत होती, धुऱ्यावर मटकन बसली होती त्या दिवशीसारखाच चेहरा करून.

"लई पायलं व," ती म्हणाली. "रोज सकाळी पायतो. औंदा एकबी झोपलं नाही. आता तुह्यं कसं होईन?"